कासवाचं वय मोजणारा रकाना

मित्रांनो, मी एक जुना वयाचा रकाना आहे. प्राणिसंग्रहालयाच्या कचेरीतल्या स्प्रेडशीटमध्ये राहतो. शेजारचा रकाना जन्मतारीख देतो. आजची तारीख मी आपणहून घेतो आणि वय सांगतो. कारकूनताईंनी एकदा त्याबद्दल माझं कौतुक केलं होतं. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

तुम्हाला तारीख दिसते, मला मात्र नुसता आकडा. एक जानेवारी एकोणीसशे हा माझा पहिला दिवस. तिथून पुढे एकेक दिवस मोजायचा. त्याआधी काही नव्हतंच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. विश्वाची सुरुवात इतकी नेमकी ठाऊक असलेले कचेरीत दोघेच. मी आणि साहेब.

एका हिवाळ्यात साहेबांनी हुकूम काढला : उबदार खोलीत जागा पाच, वयाने मोठे पाच प्राणी आत. ताईंनी यादी लावली. पोपट पहिला आला. ज्याला सगळे आजोबा म्हणतात ते कासव गेलं तळाला. वयाच्या जागी चुकीची खूण.

कासवाची राखण करणारे काका धावत आले. आजोबा बाहेर राहिले तर ही थंडी काढायचे नाहीत, म्हणाले. ताईंनी समजावलं, की जन्मसाल अठराशे अठ्ठ्याऐंशी आहे आणि ही तारीखच नव्हे असं रकान्याचं म्हणणं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "कालचं पोर ते. आजोबांना विचार म्हणावं, तू कधी आलास."

ताई हसल्या, मग विचारात पडल्या. त्यांनी आजोबांचा जन्म शंभर वर्षं पुढे ढकलला आणि आलेल्या वयात शंभर मिळवले.

मित्रांनो, तो आकडा माझ्यात मावेना. माझी रुंदी दोन अंकांपुरतीच होती. माझ्या पहिल्या दिवशी, काळ सुरू झाला असं मी समजत होतो तेव्हा, एक कासव आधीच पाला चघळत बसलं होतं. ताईंनी मला धरून रुंद केलं.

आजोबा आत गेले. सहाव्या ठरलेल्या घुबडाला साहेबांनी आपल्या खोलीत घेतलं. दोघेही दिवसा झोपतात, त्यामुळे अडचण आली नाही.

तेव्हा एवढंच मागतो : कुणी तुमच्या मापात बसलं नाही, तर त्याला खोटं ठरवू नका. आधी आपली रुंदी बघा.