अनुमोदक

विद्या परिषदेची बैठक म्हटली की भल्याभल्यांचे डोळे जड व्हायचे. कॉलेजात कुठला विषय शिकवायचा आणि कुठला गुंडाळायचा हे ठरवणारी ही सभा. पण तिथली भाषा अशी बेतलेली, की विषय जगला की मेला याचा कुणाला पत्ता लागू नये. खुर्च्यांवर नावं नव्हती, तरी प्रत्येकाची खुर्ची ठरलेली होती. पडदा नीट न लागणाऱ्या खिडकीजवळची, डोळ्यांवर ऊन येणारी खुर्ची भूगर्भशास्त्राच्या बाईंची.

भूगर्भशास्त्रात माणसं दोनच. विभागप्रमुख थोरल्या बाई, आणि कायम न झालेली, तासांवर पगार घेणारी धाकटी. ही नावं शिपायाने पाडली आणि मग प्राचार्यांपासून सगळेच ती वापरायला लागले. धाकटी बाईंचीच विद्यार्थिनी. मध्यंतरी तिला दुसऱ्या कॉलेजात कायमची नोकरी मिळत होती. बाई म्हणाल्या, थांब, इथली जागा तुझीच आहे. बाईंच्या शब्दावर ती थांबली.

आणि आता हा विभागच मोडीत काढायचा प्रस्ताव आला होता. सगळा विषय ‘पर्यावरण परिचय’ नावाच्या एका पेपरात दोन धड्यांपुरता उरणार होता. बाईंना निवृत्तीपर्यंत कुठेतरी बसवून ठेवलं असतं, सरकारी नोकरीत माणसाला फेकून देत नाहीत. धाकटीला मात्र सरळ घरचा रस्ता होता. म्हणून आठवडाभर तिने बाईंकडून भाषण घोटून घेतलं होतं. तुम्ही उभं राहून विरोध केलात तर प्राचार्य मागे हटतील, असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. प्राचार्यांना भांडणाचा भारी कंटाळा होता.

बाईंना भाषण पाठ झालं होतं. पण नवरा गेल्यापासून त्यांचं एक झालं होतं. माणसं बोलायची, आवाज कानावर पडायचा, अर्थ मात्र रेंगाळत मागाहून यायचा. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक वेळेवर लागत होती, तास व्यवस्थित होत होते. कुणी विचारलं तर बाई ‘बरी आहे’ म्हणायच्या, आणि विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा.

परिषदेत अनुमोदन देण्याचं काम बाईंचं. नव्या लागल्या तेव्हा त्या सगळ्यांत लहान, आणि लहानाने री ओढायची अशी तिथली रीत. पुढे लहान माणसं आली, पण ते काम बाईंच्या गळ्यातून कुणी काढलं नाही. प्राचार्य ठराव वाचत, कुणीतरी सुचवी, सगळे खिडकीकडे बघत, बाई म्हणत, “अनुमोदन.” की लागले पुढच्या ठरावाला. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, बाईंना तर नाहीच.

त्या दिवशी बाईंचा विषय शेवटून दुसरा होता. पण वाणिज्यच्या प्रमुखांना दात दाखवायला जायचं होतं, म्हणून मोठे ठराव आधी घ्यायचं ठरलं. तसं जाहीरही झालं. बाईंच्या कानावर ते पडलं असणार. मग प्राचार्यांनी वाचायला घेतलं: विभाग क्रमांक सातचे, पुनर्रचना धोरणास अनुसरून, सामायिक अभ्यासक्रमात विलीनीकरण करण्यात यावे. वाणिज्यवाल्यांनी गालावर हात ठेवूनच सुचवलं. सगळे खिडकीकडे बघायला लागले.

“अनुमोदन,” बाई म्हणाल्या.

पण पुढच्या ठरावाला कुणी लागलं नाही. बाईंनी मान वर केली तेव्हा प्राचार्य चष्मा काढून पुसत होते. गहिवरून ते म्हणाले, की संस्थेच्या हितासाठी स्वतःच्या विभागावर पाणी सोडायला मोठं मन लागतं, आणि ते आज आपण पाहिलं. टेबलावर थापा पडल्या. विभाग क्रमांक सात म्हणजे आपणच, हे बाईंना त्या थापा चालू असताना कळलं.

चहाच्या सुट्टीत पदार्थविज्ञानाचे प्रमुख जवळ आले. नियमांवर बोट ठेवून बोलायच्या सवयीमुळे त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. माणूस खडूस, पण त्यांचीच नजर काय ती जागी होती.

“तुमचं लक्ष नव्हतं,” ते हळूच म्हणाले. “सभा संपेपर्यंत अनुमोदन मागे घेता येतं. आमच्यापैकी कुणी काही करू शकत नाही, फक्त तुम्ही. नुसतं उभं राहायचं.”

बाईंनी मान हलवली. बिस्किट घेतलं, खाल्लं.

उरलेली सभा गाड्या लावायच्या जागेवरून रंगली. विषय बंद करताना गुळणी धरून बसलेली माणसं तिथे तावातावाने बोलत होती. बाईंनी स्वतःला विचारलं, राग येतोय का? नव्हता येत. लाज वाटते का, आता कौतुक करणाऱ्यांसमोर उठून ‘मी ऐकत नव्हते’ म्हणायची? तीही वाटत नव्हती. भाषण पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत डोक्यात जागच्या जागी होतं. फक्त ते बोलावं असं वाटणारं कुणी आत नव्हतं. आणखी काही आहे का, असं प्राचार्यांनी विचारलं. वकीलसाहेब बाईंकडे टक लावून बघत राहिले. मग सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या.

विभागात धाकटी प्रात्यक्षिकासाठी दगड मांडत होती. बाईंचा चेहरा बघून तिने काही ओळखलं नाही, कारण त्या चेहऱ्यावरून हल्ली कुणालाच काही ओळखता येत नव्हतं. झालं का बोलून, असं तिने विचारलं. बाईंनी घडलं ते सगळं सांगितलं. कुठला ठराव पुढे आला, आपण काय म्हणालो, टेबलावर थापा कशा पडल्या, वकीलसाहेब काय म्हणाले.

“म्हणजे मागे घेता आलं असतं?”

नाही म्हणणं सोपं होतं आणि धाकटीने ते मानलंही असतं.

“आलं असतं,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“मी उठले नाही.”

धाकटीने हातातला दगड त्याच्या चिठ्ठीवर नीट ठेवला. बाईंना वाटलं, ती आता रडेल, बोलेल, दुसऱ्या कॉलेजातल्या त्या नोकरीची आठवण काढेल. काढायला हवी होती. पण ती बाईंकडे बघत राहिली, आजारी माणसाकडे बघावं तशी. तेवढ्यात घंटा झाली आणि बाहेर मुलांचा गलका सुरू झाला.

“मुलांना सांगावं लागेल,” धाकटी म्हणाली.

“मी येते. मी सांगते.”

“नको मॅडम.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही सांगितलंत तर त्यांना वाटेल, काही झालेलंच नाही.”

हजेरीपट घेऊन ती वर्गावर गेली, आणि जाताना तिने दार लावून घेतलं.