शेवटचे चार नमुने

मानसशास्त्र शिकून पुढे काय होतं, या प्रश्नाला धाकटीनं तीन वर्षांत तीन उत्तरं दिली होती. पहिल्या वर्षी ती इस्पितळात रुग्णांशी बोलणार होती. दुसऱ्या वर्षी शाळेत समुपदेशक होणार होती. तिसऱ्या वर्षी तिला नोकरी हवी होती, बस्स. ताईच्या शिलाई कारखान्यातल्या बायका मात्र तिन्ही वर्षं एकच विचारत, "आता तुझी बहीण आमच्या मनातलं ओळखणार की काय?" आणि फिदीफिदी हसत. ताई मान ताठ करून सांगे, "ओळखेल तर! डोकं आमच्या घरातच आहे. मला शिकायला मिळालं असतं ना, तर हिच्याही चार पावलं पुढे असते मी."

आई गेली तेव्हा ताईनं शाळा सोडली, घर सांभाळलं, मग कारखाना धरला. 'चार पावलं पुढे' या एका वाक्यावर तिनं अठरा वर्षं काढली होती. धाकटीला ते वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जायची. आपल्यासाठी खस्ता खाल्लेल्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा वैऱ्याचाही येत नाही, हे काही तिच्या पुस्तकांत नव्हतं, पण तिला पाठ होतं.

शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकानं आपापला 'सब्जेक्ट' आणायचा असतो, म्हणजे ज्याच्यावर चाचणी करायची तो माणूस. धाकटीनं दुसऱ्या वर्गातली एक मुलगी ठरवून ठेवली होती. त्या बयेनं ऐन सकाळी टांग दिली. मग ताईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ठेवणीतले कपडे काढले आणि वाटेत चारदा विचारलं, "मला जमेल ना गं?"

"तुला काही करायचं नाहीये. सांगेन तेवढं कर."

कोणती चाचणी घ्यायची त्याची चिठ्ठी निघाली ती बुद्धिमापनाची. कार्डावर नमुना असतो, तसा लाल-पांढऱ्या लाकडी ठोकळ्यांनी जुळवायचा. दहा कार्डं, आणि चाचणी घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात स्टॉपवॉच. बाहेरून आलेले परीक्षक हात मागे बांधून टेबलांमधून फिरत होते. त्यांची स्वतःची कंपनी होती. कोणाला कामावर घ्यावं, कोणाला बढती द्यावी, हे चाचण्या घेऊन ते मोठमोठ्या कारखान्यांना कळवत. जो पहिला येईल त्याला थेट माझ्याकडे घेईन, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

ताईनं पहिले सहा नमुने हा हा म्हणता लावले. "हे तर कापडाचे तुकडे जुळवल्यासारखंच आहे की," ती खुशीत म्हणाली. सातवा अवघड होता. ती ओठ चावत ठोकळे फिरवत राहिली.

"वेळ संपला."

"अगं थांब, एकच राहिलाय."

"बोलायचं नाही, ताई."

आठवा तसाच गेला, नववा गेला, दहावा गेला. दर वेळी एखाददुसरा ठोकळा ताईच्या हातात राहायचा आणि धाकटी तो काढून घ्यायची.

ताई बाहेर बाकावर जाऊन बसली आणि धाकटी अहवाल लिहायला बसली. सूचना उतरवून घ्यायला तिनं चाचणीची पुस्तिका उघडली. पहिल्या सहा नमुन्यांना एक मिनिट, शेवटच्या चारांना दोन. तिनं ती ओळ तीनदा वाचली. तिनं सगळ्यांना एकच मिनिट दिलं होतं.

सांगावं तर चाचणी बाद, पहिला नंबर गेला आणि नोकरीही हातची गेली. न सांगावं तर फक्त ताईचा आकडा खाली येतो. आकडाच तर आहे, असं तिनं स्वतःला समजावलं आणि पुस्तिका मिटली.

परीक्षकांनी अहवाल चाळला. "सब्जेक्ट तुमच्या कोण?"

"मोठी बहीण, सर."

"वा! मग बोलवा त्यांना. निकाल कसा सांगता ते बघू. खरा कस तिथेच लागतो."

ताई खुर्चीच्या कडेला टेकली. वर्गात शिकवलं होतं तशी धाकटीनं पाठ सरळ ठेवली, आवाज मऊ ठेवला. "या चाचणीत तुमचे गुण सरासरीपेक्षा बरेच खाली आले आहेत. किचकट कामं समजून घ्यायला तुम्हाला इतरांपेक्षा जड जाऊ शकतं. यात तुमचा काही दोष नाही."

बहिणीच्या तोंडून 'तुम्ही' ऐकून ताई आधी हसली. मग तिला बाकीचं कळलं.

"म्हणजे मी ढ आहे?"

"आम्ही तो शब्द वापरत नाही."

"पण थोडा वेळ मिळाला असता तर झालं असतं गं. एकेकच राहत होता." ती परीक्षकांकडे वळली. "खरंच सर, एकेकच."

परीक्षकांनी धाकटीकडे पाहिलं. "वेळ नियमाप्रमाणे दिला होता ना?"

"हो सर," धाकटी म्हणाली.

"सगळ्यांनाच तसं वाटतं, बाई," परीक्षक ताईला म्हणाले आणि त्यांनी धाकटीच्या नावापुढे गुण लिहिले.

धाकटी पहिली आली. नोकरी लागली, टेबल मिळालं, गळ्यात ओळखपत्र आलं. 'चार पावलं पुढे' हे वाक्य त्या दिवसापासून घरात कधी ऐकू आलं नाही. धाकटीला वाटलं होतं, ते बंद झालं की सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही.

पुढल्या वर्षी एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता ताई म्हणाली, "आज साहेबांनी बोलावलं होतं. सगळ्या शिलाई विभागावर देखरेखीला मला नेमायचं म्हणत होते."

"मग?"

"नाही म्हटलं. हिशेब, तक्रारी, नवीन मशिनं, कोणाला काय काम द्यायचं... माझ्यासारखीला कुठं झेपायचं ते? ते म्हणाले, अहो, तुम्हीच तर सगळ्यांना शिकवता. मी सांगितलं, माझी तपासणी झालीय. माझ्या बहिणीनंच केलीय, आणि ती असल्या बाबतीत खोटं बोलणार नाही." तिनं सुरी खाली ठेवली आणि धाकटीकडे पाहिलं. "बरोबर केलं ना गं मी?"

खरं सांगायला एक मिनिटही पुरलं असतं.

"बरोबर केलंस, ताई," धाकटी मऊ आवाजात म्हणाली.

ताईचा जीव भांड्यात पडला. ती पुन्हा भाजी चिरू लागली.