काढलेली टिक

तागडीवाल्याचा नियम होता: आधी शंभर तास खेळायचं, मग एक शब्द लिहायचा. जुन्या काळातल्या व्यापाराचे जेवढे खेळ संगणकावर निघत, त्यातले दोन-दोन घेऊन तो एकमेकांशी तोलायचा आणि कुठला जड ते सांगायचा. सदराचं नावच 'तागडी', म्हणून वाचकांनी त्यालाही तेच नाव चिकटवलं. बाकीचे समीक्षक चित्रांना भुलत, संगीत गोड वाटलं की चार गुण वाढवत. हा पठ्ठ्या आधी मिठाचा भाव बघायचा. एका गावात मीठ संपलं तर शेजारच्या गावाला ते चार दिवसांनी, घोडेस्वार पोचल्यावर कळतं, की सगळ्यांना त्याच दिवशी जादूने कळतं? जादूने कळत असेल तर खेळ तिथेच बाद. आणखी एक नियम होता, तो पहिल्याहून कडक. खेळ जसा हातात आला तसाच खेळायचा, सेटिंगमधल्या एकाही चौकोनाला बोट लावायचं नाही.

बोट लावायचं म्हटलं तरी आता बोटं त्याची नव्हती. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताचं मधलं बोट माऊसवर दाबेना झालं. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला, बोटांपासून सुरू होणारा आणि मध्ये कुठेच न थांबणारा. आता मानेखालचं काही हलत नव्हतं. जीभ अजून चालत होती, तीही जड झाली होती. चौतिशीचा माणूस, चाकांच्या खुर्चीत उशा लावून बसवलेला.

त्याची मोठी बहीण चष्म्यांच्या दुकानात सकाळपाळी करायची. दोनला घरी आली की त्याला भरवायची, तोंड पुसायची आणि खुर्चीशेजारी स्टूल ओढून माऊस हातात घ्यायची. तो सांगायचा, ती दाबायची. "लोकर चाळीस गासड्या घे. नको, तीस. ताई, तीस म्हटलं ना." जन्मात पत्त्यांचा डाव न खेळलेल्या या बाईला आता सुक्या माशांच्या पिंपाला कुठल्या बंदरात किती मिळतात ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. संपादक फोनवर तिला एकदा म्हणालेही, "पुढेमागे 'तागडी' तुम्हीच चालवा की." तिने जीभ चावली आणि विषय बदलला. पण ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं, खोटं कशाला बोला.

भिंतीवर एक यादी होती. तोलायच्या राहिलेल्या पाच जोड्या. डॉक्टरांनी आवाज वर्षभर टिकेल असं सांगितलंय, हे ताईनेच त्याला सांगितलं होतं, आणि त्या हिशोबाने त्याने यादी आखली होती.

त्या वेळची जोडी होती 'काफिला आणि कोठार' विरुद्ध 'सात बंदरं'. पहिल्यात बैलगाड्या, डोंगरातले जकातनाके आणि थंडीत उपाशी राहणारी गावं. दुसऱ्यात जहाजं. 'काफिला'चे शंभर तास सरळ गेले. 'सात बंदरं' सुरू करायच्या आदल्या दिवशी ताईने दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा फोनवर त्या खेळाबद्दल थोडं वाचलं. दहाव्या वर्षी या खेळात जहाजातून साथ येते. साथ आधी हात धरते. विणकर माग सोडतात, मग उठून बसेनासे होतात, मग बोलेनासे. कुणीतरी त्याची चित्रफीत टाकली होती. एक छोटासा विणकर दारात बसलेला, हात मांडीवर पालथे.

दुसऱ्या दिवशी तो जेवणानंतर डुलकी घेत होता तेव्हा ताईने खेळ उघडला. सेटिंगमध्ये 'रोगराई' असं लिहिलेला चौकोन होता, त्यात टिक होती. तिने ती काढली. एवढंच. तो जागा झाला तेव्हा स्क्रीनवर निळं पाणी होतं आणि पहिलं गलबत धक्क्याला लागलेलं होतं.

त्या पाच आठवड्यांत तो जितका खूश होता तितका आजार आल्यापासून कधी झाला नव्हता. त्याचं शहर दहाव्या वर्षी भरलं, पंधराव्या वर्षी वाढलं, पंचविसाव्या वर्षी सातही बंदरं त्याची. मग त्याने मजकूर सांगितला आणि ताईने शब्दन् शब्द टाइप केला. "'सात बंदरं'वाल्यांना माणसं मारायची हिंमत नाही. जिथे कुणी मरतच नाही तिथे धान्याच्या पोत्याला किंमत कसली? देखणा आहे, पण पोकळ आहे. 'काफिला' जड." तिला एवढंच म्हणायचं होतं, की थांब, मी काहीतरी केलंय. पण तो इतका टवटवीत दिसत होता की तिच्या जिवावर आलं, आणि तिने मजकूर पाठवून दिला.

तीन दिवसांनी ती घरी आली तर दारातच तिला यंत्राचा आवाज ऐकू आला. एरवी वाचकांच्या कॉमेंट तीच त्याला वाचून दाखवायची, आणि कडू असतील त्या गाळायची. आज त्याने तोंडी हुकूम देऊन संगणकालाच वाचायला लावलं होतं. तो सपाट आवाज काही गाळत नव्हता.

"तुम्ही नेमका कुठला खेळ खेळलात? माझं अर्धं शहर दहाव्या वर्षी साथीत गेलं. रोगराईची टिक काढली होती का?" पुढची. "तागडीवाले आता न खेळताच लिहितात वाटतं." त्याच्या पुढची. "जाऊ द्या हो. आजारी माणूस आहे, कशाला छेडता?"

ही शेवटची त्याने पुन्हा वाचायला लावली. मग यंत्र बंद केलं.

"टिक कुणी काढली?"

ताईने पिशवी खाली ठेवली. कानांवर हात ठेवणं सोपं होतं. खेळात बिघाड असेल म्हणता आलं असतं. "मी काढली," ती म्हणाली. "तुला ते बघवलं नसतं."

"मला? का तुला?"

तिने पिशवी उचलून उगाच दुसरीकडे ठेवली.

"बारा वर्षं लिहितोय. कुणी कधी म्हणालं नाही, की याला सोडून द्या." एकेक शब्द जिभेवरून ओढत तो बोलत होता. "तू माझे हात आहेस ना? हातांनी मला फसवलं." मग बराच वेळ तो भिंतीवरच्या यादीकडे बघत राहिला. ताईला वाटलं रागावून मान फिरवली. पण त्याचं गणित चालू होतं. माणूस जन्मभर भाव चढण्या-उतरण्याची कारणं शोधत आलेला, त्याच्यापुढे कुणाची डाळ शिजणार?

"अजून कुठली टिक काढलीयस?"

"म्हणजे?"

"डॉक्टर. काय म्हणाले होते?"

ताई स्टुलावर बसली. दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टरांनी तिला सांगितलेलं वाक्य तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. "तीन महिने," ती म्हणाली. "आवाजाचे. तुला मी वर्ष सांगितलं."

"कधी म्हणाले?"

"दोन महिने झाले."

तो ओरडला नाही. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "म्हणजे पाच आठवडे," तो म्हणाला, "मी खोट्या शहरात घालवले." आणि मग म्हणाला, "यादी काढ भिंतीवरून."

तिने काढली.

"आता 'सात बंदरं' उघड. टिक लाव."

शंभर तास उरले नव्हते. शेवटच्या दिवसांत शब्द उमटतील याचा भरवसा नव्हता, म्हणून रोजचे तीन तास असे दहाच दिवस, म्हणजे तीस तास, त्याने धरले. दहाव्या वर्षाच्या वसंतात मीठ घेऊन आलेल्या जहाजातून साथ उतरली. त्याने बंदर बंद करायला सांगितलं, तिने केलं. मग धान्य संपायला आलं, त्याने उघडायला सांगितलं, तिने उघडलं. विणकर दारात बसले. ताई रडत होती आणि दाबत होती, आणि त्याने तिला थांबायला सांगितलं नाही. सुक्या माशांचा भाव पडला, कारण खाणारे कमी झाले. लोकर पडली. एकाच मालाचा भाव रोज सकाळी वर जात होता.

"मेण," तो म्हणाला. "बघ. मेण."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. मेलेल्यांच्या उशाशी लावायला मेणबत्त्या लागत होत्या, प्रत्येक घराला. त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली, चांगला खेळ सापडल्यावर यायची तशी. आपल्या भावाला कशाने आनंद व्हावा, याची तिला त्या क्षणी भीती वाटली.

शेवटचा मजकूर सांगायला चार दिवस लागले. बाहेरच्या कुणाला आता त्याचं बोलणं कळलं नसतं, ताईला कळत होतं. "मागचा तोल खोटा होता. हा फक्त तीस तासांवरून केला आहे. 'काफिला'त माणूस उपासाने मरतो, आणि वेळेवर गाडी पोचली तर वाचतो. 'सात बंदरं'मध्ये काही केलं तरी मरतो, आणि तरी रोज सकाळी भाव निघतो. 'सात बंदरं' जड." ताईने विचारलं, चूक कशी झाली म्हणून लिहू? तांत्रिक म्हणू? तो म्हणाला, "बहिणीने टिक काढली, लिही." तिने लिहिलं.

त्यानंतर आठवड्यात आवाज गेला. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, एवढं उरलं. संपादकांनी एक नवा खेळ पाठवला होता. आता लिहिण्याचा प्रश्न नव्हता, पण तिने विचारलं, खेळूया? एकदा पापणी मिटली.

तिने सेटिंग उघडलं आणि एकेक चौकोन मोठ्याने वाचायला लागली. दुष्काळ. हो. चाचे. हो. रोगराई. हो. "व्यापारी म्हातारा होईल आणि मरेल," तिने आधीच्याच आवाजात वाचलं. हो.

शेवटचा रकाना रिकामा होता. व्यापाऱ्यानंतर पेढी कोण चालवेल त्या वारसाचं नाव तिथे लिहायचं होतं. तिने वाचलं, आणि संपादकांचं ते जपून ठेवलेलं वाक्य तिला आठवलं. "माझं घालू?"

पापणी दोनदा मिटली.

थकून मिटली असेल, असं महिन्यापूर्वी तिने स्वतःच ठरवून टाकलं असतं. तिने पुन्हा विचारलं. पापणी पुन्हा दोनदा मिटली. ताईने रकाना रिकामा ठेवला आणि खेळ सुरू केला.