सासूबाईंची साक्ष

पोलीस दारात आले तेव्हा बारक्या न्हाणीघरात होता आणि त्याची बहीण अर्धवट उघड्या दारात वाट अडवून उभी होती.

"तो इकडे फिरकलाही नाही," तिनं सांगितलं. आवाज जरासुद्धा कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

बारक्या डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा. आदल्या दिवशी त्यानं वळणावर एका सायकलवाल्याला उडवलं आणि न थांबता पळ काढला. थेट ताईचं घर गाठून तो हमसून हमसून रडला. तिनं त्याला जेवू घातलं, नवऱ्याचे कपडे घालायला दिले. नवरा बोटीवर कामाला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात ती आणि सासूबाई, आणि दोघींचं सूत कधी जुळलंच नव्हतं. पंखा किती जोरात लावायचा, यावरूनही धुसफुस व्हायची.

इन्स्पेक्टर बाईंनी आत नजर टाकली. "आजी, तुम्ही पाहिलंत त्याला?"

सासूबाईंनी हातातली भाजी बाजूला ठेवली. "पाहिलंय. न्हाणीघरात आहे."

तेवढ्यात मागची खिडकी धाडकन वाजली. पोलीस धावले, पण बारक्या कुंपणावरून पसार झाला होता. मग त्यांनी बहिणीलाच नेलं. आरोपीला आसरा दिला, पोलिसांना खोटं सांगितलं, असा गुन्हा लागला.

जीपमध्ये चढताना ती सासूला म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं?"

दुसऱ्या दिवशी मात्र कोर्टात जामीन राहायला सासूबाईच उभ्या होत्या. नीट इस्त्री केलेली साडी, हातात पाण्याची बाटली आणि सुनेची रक्तदाबाची गोळी.

वकील समजावून सांगत होता, "नवऱ्याला लपवलं असतं तर कायद्यानं सूट आहे. भावासाठी नाही."

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मुलाला लपवलं असतंस तर निभावलं असतं."

घरी आल्यावर तिनं न राहवून विचारलं, "आधी पकडून दिलंत, मग सोडवलंत. का?"

"मी जन्मभर इस्पितळात आयाचं काम केलं. गाडीखाली आलेल्या माणसांचे कपडे कापून काढलेत या हातांनी. कुणी उडवलं ते त्यांच्या घरच्यांना कळायचंही नाही. माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही गं. पण तू खोटं बोललीस म्हणून तुला वाऱ्यावर सोडू?"

उठून तिनं सासूबाईंसाठी चहा टाकला.

दोन दिवसांनी बारक्याचा फोन आला. "परत ये," ती म्हणाली. तो आढेवेढे घ्यायला लागला तशी सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "सायकलवाला जगलाय. पाय मोडलाय, पण जगलाय. ये मुकाट्यानं. चौकीत मी येते बरोबर."

तो आला. एका बाजूला ताई आणि दुसऱ्या बाजूला तिची सासू, असा तो चौकीची पायरी चढला.

खटल्यात बहिणीनं गुन्हा कबूल केला. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, लपवलं हिनं. आणि परतही हिनंच आणलं." आपण फोन ओढून घेतल्याचं कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बारक्याला तुरुंगवास झाला. बहिणीला मात्र न्यायाधीशांनी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना तिनं सासूबाईंचा हात घट्ट धरला. "आई, तुम्ही नसता तर..."

"मी नसते तर खटलाच उभा राहिला नसता," सासूबाई म्हणाल्या आणि दोघी तिथेच हसत सुटल्या.

संध्याकाळी बोटीवरून नवऱ्याचा फोन आला. ती भरभरून बोलत राहिली. आईंनी धीर दिला, आई प्रत्येक तारखेला आल्या, आई नसत्या तर मी उभी राहिले नसते.

मग तो म्हणाला, "आवाज तुटतोय बहुतेक. तू माझ्याच आईबद्दल बोलतेयस ना?"