गादीखालचा साक्षीदार

आईवर पाळत ठेवायला रबर नेमणारा मुलगा तो बहुधा पहिलाच. तसं रबर त्याने त्यासाठी केलं नव्हतं. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं डोकं खपवून त्याने दाबल्याचं लक्षात ठेवणारं रबर घडवलं होतं. त्यावर रांगेने फुगवटे होते. भार पडला की पहिला फुगवटा 'टक्' करून आत जाई आणि आतच राही. भार उठून पुन्हा पडला की दुसरा. तार नाही, बॅटरी नाही. "हे मोजतं आणि विसरत नाही," असं तो पाहुण्यांना सांगे. पाहुणे मान डोलवत आणि बिस्किटांकडे बघत.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तासातासाने उठून चाला, नाहीतर गुडघा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "चालते की," आई म्हणायची. पण संध्याकाळी बघावं तर ही आपली खिडकीजवळच्या नव्या खुर्चीत, सकाळी ठेवली होती तशीच.

"आई थापा मारतेय," तो ताईला म्हणाला.

"मग सरळ विचार ना तिला."

"विचारून कळत असतं तर मी शास्त्रज्ञ कशाला झालो असतो?"

दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेल्यावर त्याने रबर खुर्चीच्या गादीखाली सरकवलं. कामावर तो दिवसभर फुटलेला पेपर हाती लागलेल्या विद्यार्थ्यासारखा खुशीत होता.

संध्याकाळी तो ताईला घेऊनच घरी आला. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"वा, ताई येणार म्हणून आज एकदम पायांवर," तो म्हणाला आणि दोघींच्या देखत त्याने गादी उचलली. एकच फुगवटा आत गेला होता.

"बघा. एकदाच बसली. म्हणजे सकाळी टेकली ती थेट आत्ता उठली. याला खोटं बोलता येत नाही, आई."

आईने रबराकडे पाहिलं. "म्हणजे टक् वाजलं ते हे होय? मला वाटलं, माझ्या वजनाने तुझी नवीकोरी खुर्ची मोडली. तशीच उठले."

"मग दिवसभर बसलीस कुठे?" ताईने विचारलं.

"बसते कुठे. स्टूल उंच. पलंगावरून एकटीला उठवत नाही. उभी होते."

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. घोटे सुजून गुळगुळीत झाले होते. त्या 'टक्'वर त्याच्या शोधनिबंधात स्वतंत्र परिच्छेद होता. ते कुणाला मोडल्यासारखं ऐकू येईल का, हे एकाही परीक्षकाने विचारलं नव्हतं. त्यालाही सुचलं नव्हतं.

"फोन का नाही केलास?"

"खुर्ची मोडली म्हणून? तू ओरडला असतास."

ओरडला असता.

"चुकलं माझं, आई. पण तू 'चालते' म्हणायचीस..."

"गप्प बस," ताई म्हणाली.

"नव्हतेच चालत," आई म्हणाली. "दुखतं फार. तू 'दुखतं का' असं विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारतोस, 'चाललीस का?' हो म्हटलं की जातोस."

म्हणजे आई थापा मारते हे त्याचं अनुमान अगदी बरोबर होतं. बरोबर निघालेल्या अनुमानाची इतकी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती. त्याने रबर गुंडाळून बॅगेत कोंबलं, तेही जाता जाता दोनचारदा टकटकलं. मग गादी झटकून नीट बसवली, उगाच दोनदा थोपटली.

"बस आता. दुखतं का फार?"

"दुखतं."

ताईचा हात धरून आई खुर्चीपाशी आली. बसायच्या आधी थांबली.

"जरा ती गादी उचल गं," ती ताईला म्हणाली.

ताईने भावाकडे न बघता गादी उचलली. आईने खाली वाकून नीट पाहिलं. मग ती बसली, हळूच, कानोसा घेत.