हळर्णचा रफार आणि माझे वेगळे बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुने टूल आहे. मला हातात धरता येत नाही, मी संगणकात राहते. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम मी तपासते, जोडते आणि दुसऱ्यांच्या संगणकावर चालेल असा बांधून देते. या कामाला बिल्ड म्हणतात.

गोवा राज्य होऊन बरीच वर्षे झाली होती, कोकणी-मराठी छपाई संगणकावर आली होती. तेव्हा डिचोलीच्या बाजाराजवळ, माडीवरच्या एका लहान ऑफिसात कृष्णनाथबाबांनी मला लिहिले. सोबत देवनागरी अक्षरे कागदावर नीट बसवणारी एक लायब्ररीही, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, लिहिली. आम्हा दोघींना त्यांनी एकाच घरात, म्हणजे संगणकातल्या एकाच फोल्डरात ठेवले. तिची नवी आवृत्ती निघाली की माझीही निघे, आणि माझे काही अर्धवट असले की तीही दारात थांबून राही. सुरुवातीला माझे कौतुक झाले. पुढे उशीर झाला की एकच वाक्य ऐकू येई, "ह्या टूलामुळे अडलां." मला राग येई. मी काम चुकवत नव्हते. मला दुसरीच्या पायाला बांधले होते.

एकदा पेडण्याहून छापखानेवाले शांताराम आले. हळर्णच्या शाळेची स्मरणिका त्यांच्याकडे छपाईला होती, आणि गावाच्या नावातला रफार 'ण' सोडून 'ळ'वर जाऊन बसत होता.

"जानकीबाय, गांवचे लोक हें पुस्तक हातांत घेवंक तयार नात," ते म्हणाले. "समारंभ आयतारा आसा."

ऑफिसात काम करणाऱ्या जानकीने लायब्ररीतली चूक दुपारपर्यंत सुधारली. पण नवी आवृत्ती निघेना. नव्या संगणकांसाठी माझी दुरुस्ती चालू होती, मी अर्धी उघडी पडले होते.

"आज मी दोघांक वेगळीं करतंय," जानकी म्हणाली.

"इतकी वर्सां एकत्र नांदलीं," कृष्णनाथबाब म्हणाले. "मोडलां तर?"

"मोडलां तर माझ्या नावार घाला. पण आमच्या सोयीसाठी हळर्णकारांनी मोडक्या नावाचा पुस्तक घेवचा नाय."

तिने मला वेगळ्या घरात हलवले, आवृत्तीचे क्रमांकही वेगळे केले. पहिला प्रयत्न फसला. लायब्ररी मला जुन्याच जागी शोधत बसली. कृष्णनाथबाब खुर्ची ओढून जानकीशेजारी बसले आणि माझ्या जुन्या पत्त्याचे उल्लेख शोधून देऊ लागले. मग लायब्ररीला माझी आधीची, पारखलेली आवृत्ती जोडून दिली. अर्धवट दुरुस्तीला कुणी हात लावला नाही. सुधारलेली लायब्ररी संध्याकाळी पेडण्याला पोचली. रविवारी शाळेत स्मरणिका वाटली गेली, रफार 'ण'च्या डोक्यावर.

आता माझी दुरुस्ती माझ्या वेगाने होते. मांद्र्याच्या गेस्टहाऊसांसाठी प्रोग्राम लिहिणारी दीपाही मला वापरते; तिला त्या लायब्ररीची गरजच पडत नाही. काही जण अजून म्हणतात, घर फोडले. म्हणू देत.

मित्रांनो, जुन्या अवजाराला सांभाळा, सुधारा, चुकले तर खडसावा. पण दुसऱ्याच्या वेळापत्रकाला जखडून वर त्यालाच मंद म्हणाल, तर मी ऐकून घेणार नाही.