रविवारचं गवत

चर्चला जायचे कपडे अंगात घालून डेल्मस क्रंप ओढ्याकाठच्या पट्टीत उभा होता. त्यानं वाकून गवताची एक मूठ उचलली, पिळली आणि कानाशी नेली. गवत कुरकुरलं. जसं वाळायला हवं तसं वाळलं होतं.

"अवं, त्या गवताला काय सांगताय कानात?" ओसरीवरून व्हर्डीनं हाळी दिली. "घंटा झाली की!"

"आलो, आलो."

"आलो म्हनता नि तिथंच मुळं धरता."

खरं तर गवत शनिवारीच गोठ्याच्या माळ्यावर चढायचं होतं. पहिलीच खेप टाकून येताना गाडीचं चाक निखळलं आणि ते बसवेपर्यंत दिवस बुडाला. आता रविवार. रविवारी कामाला हात लावायचा नाही, हा त्या खोऱ्यातला कायदा होता. जनावर खड्ड्यात पडलं तर तेवढं बाहेर काढावं, एवढीच सूट. आणि हा कायदा डोळ्यांत तेल घालून राखणारा माणूस म्हणजे चर्चचा कारभार बघणारा डीकन, डेल्मस स्वतः.

अलाबामातल्या त्या टेकड्यांवर मे महिन्यापासून पाऊस नव्हता. वरच्या रानातला मका तुऱ्यावर येऊन करपायला लागला होता. पानं वळून चिरुटासारखी झाली होती. डेल्मसचा मका तर कधीच गेला होता. ओढ्याकाठी ओल धरून राहिलेल्या या एका पट्टीत तेवढं गवत झालं होतं. ते घरात आलं तर चार गाई हिवाळा काढतील. नाही आलं, तर गाई बाजारात. गाई गेल्या की दूध, लोणी, सगळंच गेलं. एक सर पडली तरी गवत काळं पडून कुजणार होतं.

आणि आज चर्चमध्ये पावसासाठी प्रार्थना होती. पाद्री महिन्यातून एकदाच यायचे. बाकीच्या रविवारी डेल्मसच पुढं उभा राहायचा. म्हणजे पाऊस मागायचा होता तो त्यानंच.

"जड जातंय व्हय?" वाटेनं चालताना व्हर्डीनं विचारलं.

"काय?"

"काय म्हनं! लोकांनी तुमाला पुढं केलंय ते काय तुमच्या गाईंसाठी न्हाई."

डेल्मस खाली बघत चालत राहिला. धुळीत त्याचे बूट पांढरे झाले होते. पुढं उभं राहण्याची हौस त्याला कधीच नव्हती. आधीचा डीकन वारला आणि सगळ्यांनी याच्याकडं बघितलं, एवढंच झालं होतं. तेव्हापासून तो थकलेलाच होता.

चर्चच्या पायरीवर ओथो स्पार्क्स टोपीनं वारा घेत बसला होता. वरच्या रानातला करपणारा मका याचा. वसंतात यानं एका रविवारी नांगर धरला होता. म्हणाला होता, ओल निघून चालली होती. डेल्मसनं त्याला भर सभेत उभं करून माफी मागायला लावली होती. ओथोनं मागितली. पण त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यात खडा असायचा.

"काय डीकनसाहेब, गवत पसरलंय म्हनं झकास?"

"पसरलंय."

"मग आज जरा हळूच मागा पाऊस. देवाला ऐकू गेलं तर पंचाईत व्हायची."

दोघंतिघं हसले. डेल्मसही हसला, पण तोंडापुरता.

आत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. पुठ्ठ्याचे पंखे फडफडत होते. गाणी झाली आणि डेल्मस उठला. त्यानं डोळे मिटले आणि तोंडातून शब्द आपसूक यायला लागले. इतकी वर्षं म्हणून म्हणून शब्दांना वाट पाठ झाली होती. "हे बापा, तुझी लेकरं तहानली आहेत. तुझी भुई भेगाळली आहे. आमचा हट्ट बाजूला ठेव आणि आम्हाला पाऊस दे." मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. लोक म्हणाले, आमेन.

आणि त्याच वेळी डेल्मसच्या पोटातलं कुणीतरी म्हणत होतं, आज नको. आज नको, बापा. उद्या सांजेपर्यंत तरी नको.

तो खाली बसला तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली होती.

शेवटचं गाणं चालू असताना गडगडलं. गाणं मध्येच तुटलं. सगळे खिडक्यांकडं धावले. पश्चिमेच्या कड्यावर काळा, जाड, पोट सुटलेला ढग चढत होता. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. झिल्फा मावशीचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती काठी टेकत दारात आली, आधी ढग बघितला, मग डेल्मसचं तोंड.

"तू का रं असा पिठासारखा पांढरा?"

"कुठं काय, मावशे."

"त्याचं गवत पसरलंय ना," कुणीतरी म्हणालं.

"मंग हितं काय करताय समदे?" म्हातारी कडाडली. "पाऊस मागितलाय ना? येनार अशी खात्री हाय ना? मंग गवत भाईर ठेवून देवाला खोटं पाडताय व्हय?"

"आज रविवार हाय, मावशे," डेल्मस खाली मान घालून म्हणाला. "जनावर खड्ड्यात पडलं असतं तर गोष्ट येगळी."

सगळ्यांना वसंतातला तो रविवार आठवला. मग सगळ्यांनी ओथोकडं बघितलं.

ओथो ढगाकडं बघत होता. त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. त्यानं कोट काढला, घडी घालून बायकोच्या हातात दिला आणि म्हणाला, "मला तर तुज्या चारी गाई खड्ड्यात दिसत्यात, डेल्मस. चल!"

मग काय, सगळी मंडळी पांढऱ्या सदऱ्यांतच पट्टीत उतरली. तीन गाड्या जुंपल्या. बायकांनी अंगावरचे चांगले झगे खोचले आणि दाताळ्यांनी गवताच्या ओळी ओढल्या. खेचरांना वाऱ्याचा वास आला होता, ती उभी राहीनात. गवताचा भुसा घामाला चिकटून माणसं हिरवी झाली. ओथो गाडीवर उभा राहून असं गवत ओढून घेत होता, जणू त्याच्याच घराला आग लागली होती.

"अरं दम खा!" डेल्मस खालून ओरडला.

"दम खायला हिवाळा पडलाय! फेक तू!"

शेवटची पेंढी माळ्यावर गेली आणि सगळे गोठ्याच्या दारात पावसाची वाट बघत उभे राहिले. ढग डोक्यावर आला. वारा सुटला, कोंबड्या आत पळाल्या, अंधारून आलं. मग ढग तसाच पुढं सरकला. पूर्वेच्या कड्यापलीकडं गेला आणि तिथं कुणाच्या तरी रानात गडगडत राहिला. पट्टीत पुन्हा ऊन पडलं.

माणसं आपापले कोट शोधून घरी गेली.

त्यानंतर पाऊस आला तो मका उभा मेल्यावर.

हिवाळ्यात लोक गाड्या घेऊन डेल्मसच्या दारात यायला लागले. कुणाची गाय होती, कुणाचं खेचर. डेल्मस नाही म्हणाला नाही. गवत घेणारे त्याला दुवा द्यायचे, पुढारी असावा तर असा, असं म्हणायचे. ते ऐकलं की तो घरात जाऊन बसायचा. मक्याची भाकरी ताकात कुस्करायचा आणि तशीच ठेवून उठायचा.

"अन्नानं काय केलंय तुमचं?" व्हर्डी म्हणायची.

सगळ्यांत शेवटी ओथो आला. मागायची लाज वाटत होती म्हणून उशीर केला होता. जमीन गोठून दगड झाली होती. डेल्मसनं माळ्यावरून दोन-चार दाताळी भरून गवत खाली टाकलं आणि हात थांबवला.

"ओथो, माज्यामुळं गेला तुजा मका."

"तू काय खाल्लास व्हय?"

"चेष्टा न्हाई. त्या दिवशी मी तोंडानं पाऊस मागत हुतो आनि मनात म्हनत हुतो, आज नको. देवानं तोंडाचं ऐकलं न्हाई. मनाचं ऐकलं. समद्या खोऱ्याचं वाटोळं केलं मी."

ओथो बराच वेळ खेचराच्या मानेवरचा पट्टा नीट करत राहिला. पट्टा नीटच होता.

"तू आज नको म्हनत हुतास?" तो शेवटी म्हणाला. "आनि मी काय म्हनत हुतो, ठावं हाय? मी मक्यासाठी पाऊस मागितलाच न्हाई. मी म्हनत हुतो, देवा, त्याचं गवत भिजव. मला चार लोकांत उभं केलं त्यानं, त्याचं गवत कुजू दे. आनि डोळं उघडतो तर कड्यावर ढग! माजी तर पाचावर धारण बसली."

डेल्मस माळ्यावरून त्याच्याकडं बघत राहिला. "म्हनून तू पुढं झालास?"

"मंग? मला वाटलं, आला आता, माज्या बोलावन्यावरून आला." ओथोनं नाक पुसलं. "दोघांची गाऱ्हानी ऐकून देव बी कटाळला असंल. म्हनला असंल, तुमी दोघं घाला गोंधळ, मी चाललो पलीकडच्या खोऱ्यात."

डेल्मस हसला नाही. पण उन्हाळ्यापासून छातीवर बसलेलं काहीतरी जरा हललं.

"येत्या रविवारी प्रार्थना तू सांग," तो म्हणाला.

"मी? मला कुठं मागता येतंय धड?"

"मला तरी कुठं येतंय?"

ओथोनं वर बघितलं. डेल्मसचे हात गारठ्यानं फुटले होते आणि मागं माळा जवळजवळ रिकामा दिसत होता.

"बरं, बघू," तो म्हणाला. "आता टाक खाली. माजी गाय काय प्रार्थनेवर जगायची न्हाई."

डेल्मसनं दाताळं उचललं.